खारपाणपट्ट्यात रोजची दाढी: गळ्यावर फोड्या येतात, रेझर बदलू की अजून काही?

पूर्णाकाठचा

नमस्कार मंडळी. गाव दर्यापूर तालुक्यातलं, पूर्णेच्या बाजूचं, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारट असलेल्या खारपाणपट्ट्यातलं. सोलर प्लांटवर सिक्युरिटीत आहे, त्यामुळे दाढी रोज करावीच लागते. खुंट दिसले की गेटवरच टोकतात.

जबड्याच्या खाली गळ्यावर दोन्हीकडे बारीक लाल फोड्या येतात. काही फोड्यांत केस आतल्या आत गोल वळलेला दिसतो. आधी दोन पात्यांचे यूज अँड थ्रो वापरायचो. मित्र म्हणाला भारीतला घे, म्हणून पाच पात्यांचा घेतला, वर ओलसर पट्टी असते तो. गाल एका हातात साफ होतात, पण गळ्याचं दुखणं वाढलं. आणि त्याचं एक कार्ट्रिज घ्यायचं तर तेवढ्या पैशांत साध्या ब्लेडची कितीतरी पाकिटं येतात.

पाण्याचंही सांगतो. नळ योजनेचं पाणी रोज येत नाही, आलं की पिण्यापुरतं भरून ठेवतो. आंघोळ, दाढी सगळं बोअरवर, आणि बोअर खारट. क्रीम कितीही घासली तरी फेस ब्रश खाली ठेवेपर्यंत बसतो आणि तोंडावर पांढरा चिकट थर राहतो. आई म्हणते पाण्यात तुरटी फिरव, हलकं होईल. होतं का?

दोन्ही बाजूंनी धार असलेल्या ब्लेडचा जुना सेफ्टी रेझर घ्यावा असं मनात आहे, पण कापायची भीती वाटते. की ट्रिमरच बरा? कोणी आपल्या भागातलं असेल तर सांगा. शहरातल्या लोकांचे व्हिडिओ पाहिले, त्यात सगळे गरम पाण्याच्या नळाखाली उभे असतात.

सलूनवाला_अंजनगाव रोड

भाऊ, मी सलून चालवतो, बापजाद्यांचा धंदा आहे, म्हणून लांबट लिहितो. बोलतो तसंच लिहीन.

रेझरचं नंतर पाहू. आधी हे सांग, दाढीच्या आधी तोंडाले पाणी किती वेळ लावतो? ड्यूटीची घाई असली की पोट्टे एक हबका मारतात, क्रीम फासतात अन् ओढायले लागतात. सुका केस लय कडक राह्यते. कोमट पाणी दोन-तीन मिनिटं मुरलं की तोच केस पाणी पिऊन फुगते, नरम पडते, अन् कापायले जोर कितीतरी कमी लागते. दाढी आंघोळ झाल्यावर करजो, आधी नाई. एवढं एक केलं तरी गळ्याची आग बरीच कमी होईन, हे मी खात्रीनं सांगतो.

माहा बाप घरोघरी जाऊन दाढ्या करे. धोकटीत वस्तरा, कातर, धार लावायचा दगड, चामड्याचा पट्टा अन् पितळेची एक वाटी. वर्षाची ज्वारी मिळे. साबण तं कित्येक घरी नसेच. माणसाले समोर उकिडवं बसवून वाटीतलं पाणी बोटानं गालाले, हनुवटीले, गळ्याले चोळत राहे, अन् चोळता चोळता गावभरच्या गोष्टी सांगे. पाहणाऱ्याले वाटे की हा बसला गप्पा मारत. पण अर्धी दाढी त्या चोळण्यातच होऊन जाये. वस्तरा मग अलगद फिरे, अन् फोड्या आलेला माणूस मले लहानपणी क्वचितच दिसला. आता आमच्या दुकानात फवाऱ्याची बाटली आहे, गाद्यांच्या खुर्च्या आहेत, फोम आहे, पण तेवढा वेळ पाणी चोळणारा कारागीर शोधून काढावा लागते. मले याचं खरंच वाईट वाटते.

आता तुह्या गळ्याचं. गालावरचा केस बहुतेक वरून खाली येते. गळ्यावरचा तसा नसते. कोणाचा खालून वर, कोणाचा आडवा कानाकडे, कोणाच्या एका बाजूले तं भोवराच असते. तू सगळीकडे एकच हात मारत असशील. घरात कापूस असनच. सरकी काढलेला बोटभर कापूस घे अन् एक-दोन दिवसांच्या खुंटावर हलक्या हातानं फिरव. ज्या दिशेनं तो सरकत जाते, ती केसाची दिशा. जिथं तंतू अडकून राहतात, तिथं तू उलटा चालला. कागदावर गळ्याचं चित्र काढून बाण मारून ठेव. माह्या दुकानात ज्या पोट्ट्यायले फोड्या येतात, त्यायले मी पहिले हेच करायले लावतो, अन् दोन्ही बाजू सारख्या निघाल्या असं फार कमी वेळा होते.

पाच पात्यांचं गणित असं आहे. पुढचं पातं केसाले पकडून जरासं वर ओढते, अन् तो परत आत जायच्या आधी मागचं पातं त्याले कापते. म्हणून टोक कातडीच्या पातळीच्या खाली जाऊन बसते. सरळ केसवाल्याले त्यात मजा येते, हात फिरवला की लोणी. पण ज्याचा केस वळणाचा, त्याचं ते तिरपं कापलेलं टोक वाढताना बाहेर न येता कातडीतच घुसते. तू जे गोल वळलेले केस सांगतो ते हेच. शिवाय एका हातात गळ्यावरून पाच पाती जातात, तिथं आग होणारच. जिलेट कंपनीचा दोन पात्यांचा ट्रॅक टू १९७१ मध्ये आला, तीन पात्यांचा मॅक थ्री १९९८ मध्ये, पाच पात्यांचा फ्यूजन २००६ मध्ये. दर वेळी आणखी गुळगुळीत दाढी हेच सांगून. तुह्या गळ्याले थोडी कमी गुळगुळीत पाहिजे.

म्हणून हो, सेफ्टी रेझर घे. त्याले एकच पातं लागते. वजनदार धातूचा घे, प्लॅस्टिकच्या दांडीचा नको. दांडी मुठीत धरू नको, बोटांत धर. डोकं गालाले टेकव अन् दांडी हळूहळू खाली आण. पातं केसाले लागायले सुरू झालं की तोच कोन. ३० अंशाच्या आसपास येते. जोर अजिबात द्यायचा नाई, रेझरचं वजन पुरते. कार्ट्रिजवाल्यायले दाबून ओढायची सवय असते, कापते ते त्या सवयीनं. हात छोटे, बोटाच्या एका पेराएवढे. पहिला हात केसाच्या दिशेनं, मग पुन्हा फेस लावून आडवा. गळ्यावर उलटा हात कधीच नाई. अन् तिथली कातडी ताणू नको. आम्ही दुकानात गाल ताणतो, पण फोड्यावाल्याचा गळा ताणत नाई, कारण ताणलं की केस अजून खालून कापल्या जाते.

ब्लेड टॉवेलनं पुसायचं नाई. धारेवर बारीक लेप असते, तो जाते. पाण्यात हलवून झटक, रेझर ढिला करून वाळत ठेव. पातं ओढायले लागलं की त्याच दिवशी बदलजो, पाकीट पुरवून पुरवून वापरू नको.

पाण्याचं मास्तर आले तं नीट सांगतील.

निवृत्त_मास्तर, अकोट

आलो. हायस्कूलला विज्ञान शिकवत होतो. खारपाणपट्ट्यातल्या पोरांकडून दरवर्षी एक प्रयोग करून घ्यायचो: दोन सारख्या बाटल्या, एकीत पावसाचं पाणी, दुसरीत शाळेच्या बोअरचं, दोन्हींत तेवढाच साबणाचा कीस, आणि जोरात हलवायच्या. पहिलीत बोटभर फेस उभा राहायचा. दुसरीत पाणी गढूळ व्हायचं आणि वर पांढरे कण तरंगायचे. तुमच्या तोंडावर जो पांढरा चिकट थर राहतो, तो हाच.

साबण आणि दाढीची बरीचशी क्रीम म्हणजे स्निग्धाम्लांचे सोडियम किंवा पोटॅशियमचे क्षार. पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम असलं की ते साबणाला पकडतात आणि न विरघळणारा साका बनतो. जेवढा साबण साक्यात गेला, तेवढा फेसातून कमी झाला. वर आपल्या पूर्णेच्या खोऱ्यात साधं मीठही जास्त. साबण कारखान्यात शिजलेल्या रसातून साबण वेगळा काढायला मुद्दाम मीठ टाकतात. मिठाच्या पाण्यात साबण विरघळून राहत नाही. म्हणजे आपल्याकडे दुहेरी मार आहे. त्यामुळे तुमच्या क्रीमला किंवा ब्रशला दोष देता येत नाही.

आता तुरटी. आईंना नम्रपणे सांगा की तुरटी गढूळ पाण्यातली माती खाली बसवते. ॲल्युमिनियम आणि पोटॅशियमचं ते सल्फेट आहे, मातीचे बारीक कण एकत्र आणून जड करतं. पुराच्या पाण्याला ती उत्तम. पण पाण्यात विरघळलेलं मीठ किंवा कॅल्शियम ती काढत नाही, म्हणून पाणी हलकं होत नाही. उकळलं तर? बायकार्बोनेटमुळे आलेला जडपणा उकळल्यावर जातो, भांड्याच्या तळाशी पांढरं किटण बसतं ते त्याचंच. क्लोराइड आणि सल्फेटचा जडपणा उकळून जात नाही, आणि मीठ तर पाणी आटल्यावर उलट दाट होतं. धुण्याचा सोडा टाकून पाणी हलकं करता येतं, पण ते कपड्यांसाठी. तोंडाला लावू नका, कातडी सोलून निघेल.

मग करायचं काय? फेसासाठी पाणी लागतं किती, अर्धी वाटी. आंघोळ बोअरवर करा, पण फेस करायला, शेवटी तोंड धुवायला आणि रेझर खंगाळायला मिळून एक गडू गोडं पाणी वेगळं ठेवा. आरओच्या कॅनमधलं, नळ योजनेचं किंवा पावसाळ्यात पत्र्यावरून धरलेलं. पहिल्या सरीचं पाणी सोडून द्या, त्यात पत्र्यावरची धूळ असते. ब्रश त्याच पाण्यात भिजवा. तेवढ्याच क्रीमला किती फेस येतो ते पाहा आणि मग मला इथे सांगा.

गोडं पाणी नसेल त्या दिवशीसाठी दोन उपाय. क्रीमच्या डब्यावर घटक वाचा, ईडीटीए लिहिलेलं असेल ती घ्या. हा पदार्थ कॅल्शियमला स्वतःशी बांधून ठेवतो, साबण मोकळा राहतो. दुसरं, खोबरेल तेलाचं प्रमाण जास्त असलेला साबण खाऱ्या पाण्यातही बऱ्यापैकी फेस देतो. समुद्राच्या पाण्यात वापरायचे साबण त्याच तेलाचे करतात.

ब्लेडबद्दल एक गोष्ट मला फार आवडते, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ. मग दाढी करून ब्लेड बोथट होतं कसं? २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली ब्लेडनं केस कापून पाहिले आणि ‘सायन्स’ नियतकालिकात निष्कर्ष मांडले. धार झिजून गोल होते असा समज होता. त्यांना दिसलं ते वेगळं: पोलादाची घडण धारेवर सगळीकडे एकसारखी नसते, आणि केस कापला जाताना वाकला की अशा कमजोर जागी धारेचा बारीकसा तुकडा उडतो. म्हणजे कडक, वाकडा उभा असलेला केस पात्यालाही इजा करतो. पाणी नीट मुरवलं तर गळा वाचतो आणि, माझ्या मते, ब्लेडही जास्त टिकतं.

खाऱ्या पाण्याचा एक तोटा राहिला. आजचं ब्लेड स्टेनलेसचं, त्यात १३ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम. क्रोमियममुळे पोलादावर एक बारीक संरक्षक थर बनतो, म्हणून ते सहसा गंजत नाही, पण मिठातलं क्लोराइड त्या थरालाही जागोजागी पोखरतं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ब्लेड साध्या कार्बन पोलादाची होती. माझे वडील वापरून झालेलं ब्लेड तेल लावून कागदात गुंडाळत. आपल्या पाण्यात त्याशिवाय दुसऱ्या दिवशी तांबेरा ठरलेला.

आशा_अचलपूर

मी आशा कार्यकर्ती आहे, पुरुषांच्या दाढीवर बोलावं असं वाटलं नव्हतं, पण दोन गोष्टी कोणी लिहिल्या नाहीत.

भाऊ, फोड्यांसाठी मेडिकलमधून कोणती ट्यूब आणून लावत असाल तर तिच्यावर काय लिहिलंय ते वाचा. बऱ्याच मिश्र ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं. लावल्यावर दोन दिवस लाली जाते, मग बंद केली की दुप्पट येते, आणि कातडी पातळ होत जाते. गावात मी हे फार पाहते. पू झाला, फोडी पसरल्या, गाठ आली, किंवा घरात शुगर असून तुम्हालाही असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. आत वळलेले केस सुईनं टोकरू नका. अशा त्रासावर डॉक्टर चार आठवडे पात्यानं दाढी बंदच ठेवायला सांगतात, तेवढ्यात अडकलेले केस मोकळे होतात. ड्यूटीवर चिठ्ठी दाखवता येईल.

दुसरं, ब्लेड कोणाचंही कोणी वापरू नये, सख्ख्या भावाचंही नाही. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस जिवंत राहतो. ब्लेडवर रक्त दिसायलाच हवं असं नाही. हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीची भीती आहेच. घरात एक रेझर आणि तीन पुरुष हे चित्र मला अजूनही दिसतं, आणि मी दर वेळी भांडते.

सलूनवाला_अंजनगाव रोड

ताई, बरं झालं तुम्ही लिहिलं. हे आमच्या धंद्याचंही आहे. बापाचा वस्तरा दिवसभर एकच चाले, दगडावर धार अन् पट्ट्यावर हात मारून. एड्सची माहिती गावोगाव आली तेव्हा लोक विचारायले लागले अन् आम्ही अर्ध्या ब्लेडच्या वस्तऱ्यावर आलो. ब्लेड कागदासकट मधातून मोडायचं, अर्धं एका गिऱ्हाइकाले, अर्धं दुसऱ्याले, अन् दाढी झाली की फेकायचं. कोणत्याही सलूनमध्ये बसा, ब्लेड आपल्या डोळ्यासमोर मोडून घ्या. कारागिराले राग आला तं दुसरं दुकान पाहा. अन् तुरटीचा एकच खडा सगळ्यायच्या गालावर फिरवणारी दुकानं आहेत, ते पण नको. मी फवारा ठेवतो.

पूर्णाकाठच्या भाऊ, तुह्या तुरटीचं उत्तर राहिलं. घरी स्वतःचा खडा ठेव. बारीक कापलं तं तिथलं रक्त लवकर थांबते. पण फोड्या असलेल्या गळ्यावर रोज घासशील तं कातडी कोरडी पडीन. गालावर लाव, दोन मिनिटांनी धू, गळा सोड.

पूर्णाकाठचा

काका, सर, ताई, मनापासून आभार. एवढं कोणी सांगितलं नव्हतं. आज कापूस फिरवून पाहिला. डाव्या बाजूला केस खालून वर आहेत, उजव्या बाजूला आडवे. आणि सर, कॅनच्या पाण्यात तेवढ्याच क्रीमला फेस आला तो दाढी होईपर्यंत टिकला.

दोन शंका. रात्रपाळीला प्लांटवरच राहतो, तिथे एक मग पाणी आणि खिशातला आरसा. सेफ्टी रेझर तिथे न्यावा का? की एक पात्याचे जे स्वस्त कार्ट्रिजवाले मिळतात ते चालतील? आणि काका, तुमच्यासारखा अर्ध्या ब्लेडचा वस्तरा घरी शिकता येतो का?

सलूनवाला_अंजनगाव रोड

वस्तऱ्याचा नाद गळ्यासाठी करू नको. त्याले संरक्षणाचा दांडा नसते, कोन सगळा मनगटात असते. आमचे पोट्टे आधी फुग्यावर फेस लावून शिकतात, मग घरच्यायच्या गालावर, गळा सगळ्यात शेवटी. स्वतःच्या गळ्यावर आरशात पाहून उलट्या हातानं करणं अजून कठीण. शौक असन तं पुढे कधी गालापासून सुरू करजो, मी दाखवीन.

प्लांटवर एक पात्याचं कार्ट्रिज बरं. २०१० मध्ये जिलेटनं भारतासाठी म्हणून गार्ड काढला, तेव्हा रेझर १५ रुपयांचा अन् कार्ट्रिज ५ रुपयांचं होतं. कंपनीच्या लोकायनं आपल्याकडची माणसं दाढी कशी करतात ते घरोघरी जाऊन पाहिलं होतं: खाली बसून, लहान आरसा, एका भांड्यात थोडं पाणी, वाहता नळ नाई. म्हणून एकच पातं, पुढे कंगव्यासारखे दात, अन् मागून मोकळं, म्हणजे मगातल्या पाण्यात हलवलं की केस निघून जातात. पाच पात्यांच्या फटीत केस अडकले तं मगभर पाण्यात निघत नाईत. मले ही वस्तू मनापासून आवडते, कारण बनवणाऱ्यानं आधी आपल्या अंगणात बसून पाहिलं. दाबू मात्र तिथंही नको.

आता क्रम सांगतो. ताईनं म्हटल्याप्रमाणे चिठ्ठी मिळाली तं चार आठवडे गळ्याले पातं लावूच नको. नाई मिळाली तं गाल सेफ्टी रेझरनं अन् गळा ट्रिमरनं, एक मिलिमीटर ठेवून. तेवढ्या खुंटावर कोणी बोलत नाई, लांबून दिसतच नाई. ट्रिमर चार्जिंगचा घे, लाइट असली की लावून ठेव, एका चार्जिंगमध्ये कितीतरी वेळा चालते. फोड्या पूर्ण बसल्या की मग गळ्यावर रेझर, तुह्या कागदावरच्या बाणाप्रमाणे: डाव्या बाजूनं खालून वर, उजव्या बाजूनं आडवा. पहिल्यांदा सुट्टीच्या दिवशी कर, ड्यूटीच्या दिवशी नको. रेझर दर्यापूरच्या बाजारात कटलरीच्या दुकानात मिळीन, नाई मिळाला तं माह्याकडे ये. ब्लेडचं एकदम मोठं पाकीट घेऊ नको, दोन-तीन कंपन्यांची लहान लहान पाकिटं घेऊन पाहा, एकाले मऊ लागते ते दुसऱ्याले ओढते.

अन् वापरलेलं ब्लेड उकिरड्यावर टाकू नको. तेच शेणखत उन्हाळ्यात वावरात जाते, बायामाणसं हातानं पसरतात, ढोरं तोंड घालतात. पत्र्याचा झाकणाचा डबा घे, झाकणाले बारीक चीर पाड, ब्लेड त्यातून आत टाकत जा. डबा भरला की चीर ठोकून बंद कर अन् भंगारवाल्याले देताना आत ब्लेड आहेत म्हणून सांग.